शेलच्या विहिरी: तेल कसे वर आले आणि त्याच्यामागून काय काय आले

प्रश्न असा आहे की अमेरिकेत शेल खडकातून तेल आणि वायू काढण्याचे काम गेल्या २० वर्षांत एवढ्या झपाट्याने कसे वाढले, फ्रॅकिंगमुळे, म्हणजे दाबाखाली द्रव सोडून खडक फोडण्यामुळे, पिण्याचे पाणी नासते आणि भूकंप होतात असे जे म्हटले जाते त्यात कितपत तथ्य आहे, आणि हे तेल किती काळ पुरेल. विहीर खोदून झाल्यावर तिच्यात केसिंगचे, म्हणजे अस्तराचे, पाइप उतरवणे, त्यांच्याभोवती सिमेंट भरणे आणि मग खडक फोडून विहीर उत्पादनाला लावणे या कामात माझी २० हून अधिक वर्षे गेली आहेत. सुरुवात टेक्सासमध्ये झाली, मधली काही वर्षे नॉर्थ डाकोटात गेली आणि नंतर मी पुन्हा पश्चिम टेक्सासला आलो. या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की तिन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे. शेलच्या धंद्यात तेल शोधण्याचे काम फार थोडे असते. खरे काम असते ते विहिरींमागून विहिरी पाडत राहण्याचे. त्यामुळे चांगलेवाईट जे काही घडले त्यातले बरेचसे एखाद्या विहिरीपेक्षा विहिरींच्या संख्येतून घडले आहे.

आधी खडक समजून घ्यावा लागेल. शेल म्हणजे अतिशय बारीक गाळापासून पापुद्र्यांसारख्या थरांत घट्ट झालेला खडक. प्राचीन समुद्रांच्या तळाशी चिखलाबरोबर सूक्ष्म जीवांचे अवशेष गाडले गेले, प्राणवायूच्या अभावी ते पुरते कुजले नाहीत, आणि कोट्यवधी वर्षांच्या उष्णतेने व दाबाने त्यांचे आधी केरोजेन, म्हणजे घन सेंद्रिय पदार्थ, आणि मग तेल व वायू झाले. यातला काही भाग हळूहळू वर सरकला आणि सच्छिद्र वालुकाश्मात किंवा चुनखडकात अडकून बसला. पहिली शंभर वर्षे जगाने जे तेल काढले ते मुख्यतः हेच. बाकीचे उगमखडकातच, म्हणजे जेथे ते तयार झाले त्या शेलमध्येच, राहिले. ते तेथे आहे हे भूवैज्ञानिकांना फार पूर्वीपासून माहीत होते. अडचण एवढीच होती की शेलची पार्यता, म्हणजे द्रवाला स्वतःमधून वाट देण्याची क्षमता, चांगल्या वालुकाश्माच्या तुलनेत लाखो पटींनी कमी असते. उभी विहीर शेलमध्ये नेली तर तिच्या भिंतीजवळचे थोडेसे तेल झिरपते आणि मग काहीच येत नाही. येथे एक गल्लत वारंवार होते, ती दूर करतो. कोलोराडोतील ग्रीन रिव्हरसारख्या ठिकाणी जो ‘ऑइल शेल’ आहे त्यातले केरोजेन अजून तेल झालेलेच नाही आणि ते भाजून काढावे लागते. आपण ज्याविषयी बोलत आहोत ते तेल तयार झालेले आहे, फक्त बंदिस्त आहे.

या बंदिस्त तेलावायूला वाट करून देण्याची कल्पना नवी नव्हती. न्यूयॉर्क राज्यातील फ्रेडोनिया येथे १८२१ मध्येच शेलमधून येणारा वायू दिव्यांसाठी वापरला गेला होता. दाबाखाली द्रव सोडून खडक फोडण्याचा पहिला प्रयोग १९४७ मध्ये कॅन्ससच्या ह्युगोटन वायुक्षेत्रात झाला आणि १९४९ पासून ते काम व्यापारी तत्त्वावर सुरू झाले. १९७६ मध्ये अमेरिकी सरकारने पूर्वेकडील शेलमधील वायूसाठी संशोधन प्रकल्प हाती घेतला आणि १९८० मध्ये अशा अवघड वायूसाठी करसवलत दिली. जमिनीखाली पडणाऱ्या भेगांचा सूक्ष्म कंपनांवरून माग काढण्याचे तंत्र घडवण्यातही सरकारी प्रयोगशाळांचा मोठा वाटा होता. खाजगी साहसाची कथा सांगताना हा भाग वगळला जातो. तो वगळणे मला योग्य वाटत नाही, कारण आम्ही आजही त्याच तंत्रांवर उभे आहोत.

खाजगी साहस मात्र खरोखरच मोठे होते. फोर्ट वर्थजवळच्या बार्नेट शेलमध्ये जॉर्ज मिचेल यांच्या कंपनीने १९८१ मध्ये पहिली विहीर घेतली आणि पुढची १६-१७ वर्षे फायद्याचे गणित जमत नसतानाही काम चालू ठेवले. त्या काळी खडक फोडण्यासाठी घट्ट जेल वापरत. वाळूचे कण तरंगत भेगेत खोलवर जावेत म्हणून पाण्यात गवारीच्या बियांचा गम मिसळून ते दाट करायचे, अशी सर्वांची समजूत होती. जेल महाग होते आणि फुटलेल्या भेगेत त्याचा चिकट अंश मागे राहून वाटा बुजवत असे. मिचेल यांच्याकडील अभियंता निक स्टाइन्सबर्गर यांच्या लक्षात आले की ठेकेदाराचे मिश्रण एकदा फारच पातळ झाले होते, तरी विहिरीचे उत्पादन वाईट आले नव्हते. पूर्व टेक्सासमधील वालुकाश्मात दुसरी एक कंपनी जवळजवळ साधे पाणी वापरून विहिरी फोडत आहे, हेही त्यांच्या कानावर आले होते. त्यांनी शेलमध्ये तेच करून पाहिले. घर्षण कमी करणारे थोडे रसायन, भरपूर पाणी, कमी वाळू आणि पंपाचा वेग जास्त, असा तो प्रयोग होता. सुरुवातीच्या काही विहिरी फसल्या, पण १९९८ मध्ये एका विहिरीने अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक काळ जोमाने वायू दिला. दाट जेल एकच रुंद भेग पाडते, तर पातळ पाणी शेलमधल्या आधीच्या बारीक तड्यांत शिरून भेगांचे जाळे पसरवते, हे कारण नंतर उमगले. २००२ मध्ये डेव्हॉन एनर्जीने मिचेल यांची कंपनी विकत घेतली आणि या पातळ पाण्याच्या पद्धतीला आडव्या विहिरीची जोड दिली. या जोडणीपासून आजचा शेल उद्योग सुरू झाला असे मी मानतो.

आडवी विहीर म्हणजे काय, हे डोळ्यांसमोर आणणे आवश्यक आहे. विहीर आधी दोन ते साडेतीन किलोमीटर सरळ खाली जाते, मग काही शे मीटरांच्या वळणात आडवी होते आणि कधी कधी अवघ्या १५-२० मीटर जाडीच्या निवडलेल्या थरातून तीन किलोमीटर किंवा त्याहूनही लांब जाते. नंतर तिच्या टोकापासून मागे येत एकेक टप्पा बंद करायचा, केसिंगला स्फोटकांच्या लहान भारांनी छिद्रे पाडायची आणि पाणी व वाळू वातावरणाच्या दाबाच्या ६००-७०० पट दाबाने आत सोडायची. असे ४०-५० टप्पे एका विहिरीत होतात. पाणी बहुधा दोन ते सहा कोटी लिटर लागते आणि वाळू हजारो टन. पंप थांबले की भेगा मिटू पाहतात, पण वाळूचे कण त्यांना टेकू देऊन उघड्या ठेवतात. पूर्वी एका जागी एक विहीर असे. आता एका पॅडवर, म्हणजे तयार केलेल्या एकाच जागेवर, आठ-दहा विहिरी असतात, रिग म्हणजे खोदाईचे यंत्र स्वतःच्या पायांवर काही मीटर सरकून पुढची विहीर सुरू करते, आणि एका विहिरीत छिद्रे पाडली जात असताना शेजारच्या विहिरीत पंप चालू असतात. हे दृश्य कारखान्याच्या उत्पादनरेषेसारखे असते.

बार्नेटनंतर हे तंत्र पेनसिल्व्हेनियातील मार्सेलस, लुइझियानातील हेन्सव्हिल, दक्षिण टेक्सासमधील ईगल फोर्ड आणि नॉर्थ डाकोटातील बाकन या थरांत गेले, आणि शेवटी पश्चिम टेक्सास व न्यू मेक्सिकोमधील पर्मियन खोऱ्यात, जेथे एकावर एक असे अनेक तेलधारी थर आहेत. अमेरिकेचे तेल उत्पादन १९७० मध्ये दिवसाला सुमारे ९६ लाख पिंपांवर पोहोचून घसरणीला लागले होते आणि २००८ मध्ये ते ५० लाखांवर आले होते. २०१९ मध्ये ते १ कोटी २३ लाखांच्या आसपास गेले आणि २०२४ मध्ये १ कोटी ३२ लाखांच्या. यातला जवळपास निम्मा वाटा एकट्या पर्मियनचा आहे. लुइझियानातील सबीन पास येथे द्रवरूप वायू आयात करण्यासाठी बांधलेले बंदर काही वर्षांतच निर्यातीसाठी फिरवावे लागले. तेथून २०१६ मध्ये पहिले जहाज निघाले आणि २०२३ मध्ये अमेरिका द्रवरूप वायूची जगातील सर्वांत मोठी निर्यातदार झाली. कच्च्या तेलाच्या निर्यातीवर १९७५ पासून असलेली बंदी डिसेंबर २०१५ मध्ये उठली.

हे अमेरिकेतच का घडले, असे मला अनेकदा विचारले जाते. चांगला खडक हे एकच कारण नाही. तेथे जमिनीखालच्या खनिजांची मालकी खाजगी व्यक्तीकडे असू शकते, त्यामुळे विहीर पडली तर जमिनीखालचा हक्क असलेल्या कुटुंबाला उत्पादनाच्या एक अष्टमांशापासून एक चतुर्थांशापर्यंत स्वामित्वधन मिळते. ज्या देशांत खनिजे सरकारची असतात तेथे शेतकऱ्याच्या वाट्याला फक्त ट्रक, धूळ आणि आवाज येतो, आणि त्याने विरोध केला तर नवल नाही. (अमेरिकेतही जमीन एकाची आणि खनिजे दुसऱ्याची अशी विभागणी पुष्कळ ठिकाणी झालेली आहे, आणि तेथील जमीनमालकाची व्यथा अगदी हीच असते.) याशिवाय हजारो लहान कंपन्या, आधीपासून असलेल्या पाइपलाइन, हाताशी असलेल्या रिग आणि २००८ नंतरचे स्वस्त कर्ज यांचा मोठा आधार होता. पोलंडमध्ये प्रचंड साठ्याचे अंदाज आधी जाहीर झाले, २०१२ मध्ये ते तेथील भूवैज्ञानिक संस्थेने बरेच खाली आणले, आणि मोठ्या कंपन्या निघून गेल्या. फ्रान्सने २०११ मध्ये फ्रॅकिंगवर बंदी घातली. अर्जेंटिनातील वाका मुएर्ता आणि चीनमधील सिचुआन खोरे येथे काम चांगले चालले आहे, पण अमेरिकेचा वेग कोणालाच गाठता आलेला नाही.

आता या विहिरींच्या स्वभावातला मुख्य दोष सांगतो, कारण पुढचे सगळे त्याच्याशी बांधलेले आहे. शेलची विहीर पहिल्या वर्षातच साधारणतः ६० ते ७० टक्क्यांनी घटते. भेगांच्या लगतचे तेल लवकर येते आणि त्यामागचे येण्यासाठी त्याच घट्ट खडकातून वाट काढावी लागते. म्हणून उत्पादन नुसते टिकवायचे म्हटले तरी दरवर्षी हजारो नव्या विहिरी पाडाव्या लागतात, आणि त्यासाठी लागणारा पैसा पहिली कित्येक वर्षे विहिरींतून नव्हे तर कर्जातून आला. २०१४ च्या मध्यापर्यंत तेल १०० डॉलरच्या वर होते. नोव्हेंबर २०१४ मध्ये ओपेकने उत्पादन न घटवण्याचा निर्णय घेतला आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये भाव ३० डॉलरच्या खाली गेला. २० एप्रिल २०२० रोजी, महासाथीत मागणी कोसळलेली असताना, अमेरिकी तेलाचा वायदाभाव उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. त्या वर्षी व्हायटिंग आणि चेसापीक यांसारख्या या लाटेतील अग्रणी कंपन्यांनी दिवाळखोरीत संरक्षण मागितले. मात्र प्रत्येक मंदीने उद्योगाला काटकसरही शिकवली. ऑक्टोबर २०१४ मध्ये तेलासाठी १,६०० च्या वर रिग चालू होत्या. २०२४ च्या अखेरीस ५०० हूनही कमी रिगवर त्यापेक्षा अधिक तेल निघत होते. या मंदींत ज्यांची कामे गेली त्यांत माझ्याबरोबर थंडीत उणे ३० अंशांवर उभे राहिलेले पुष्कळ लोक होते, आणि काटकसरीचे हे आकडे वाचताना मला ते आठवतात.

पिण्याच्या पाण्याचा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देतो. दोन-तीन किलोमीटर खाली पाडलेली भेग वाढत वाढत वर येऊन जलधराला, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या थराला, भिडते, ही भीती बहुतेक ठिकाणी निराधार आहे. भेगांची उंची सहसा काही दहा ते शे-दोनशे मीटर असते, क्वचित त्याहून जास्त, आणि पिण्याचे पाणी देणारे थर बहुधा वरच्या काही शे मीटरांत असतात. पण एवढे सांगून थांबणारे माझे सहव्यवसायी अर्धेच सत्य सांगतात, कारण विहीर स्वतःच त्या जलधरातून खाली गेलेली असते. पाणी सुरक्षित राहते ते केसिंग आणि त्याच्याभोवतीचे सिमेंट यांच्या भरवशावर. सिमेंट भरताना पाइप मधोमध राहिला नाही, खोदताना वापरलेला चिखल नीट धुऊन निघाला नाही, किंवा सिमेंट घट्ट होत असताना वरच्या एखाद्या उथळ थरातला वायू त्यात शिरला, तर केसिंगच्या बाहेरून वर येणारी एक बारीक वाट तयार होते, आणि तिच्यातून बहुधा हाच उथळ वायू चढतो.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली एक विहीर मला विसरता येत नाही. मोजणीत सिमेंट आराखड्यातील पातळीच्या बरेच खाली राहिल्याचे दिसत होते आणि बाहेरच्या कडेने दाब हळूहळू चढत होता. छिद्र पाडून पुन्हा सिमेंट दाबून भरावे, असे मी लिहून दिले. ज्या कंपनीसाठी ते काम होते तिने आधी फ्रॅकिंग उरकून घेतले, कारण पंपांचा ताफा भाड्याने उभा होता आणि प्रत्येक दिवसाचा खर्च मोठा होता. दुरुस्ती काही महिन्यांनी झाली. त्या मधल्या काळात जवळच्या पाण्यात काही गेले की नाही हे कोणी तपासलेच नाही, आणि मी तेव्हा अधिक जोर लावायला हवा होता असे मला आजही वाटते.

पेनसिल्व्हेनियातील डिमॉक गावात १ जानेवारी २००९ रोजी घरगुती पाण्याच्या एका विहिरीत मिथेनचा स्फोट झाला, आणि तेव्हापासून हा वाद देशभर पोहोचला. ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवले की त्या भागात वायूच्या विहिरींपासून सुमारे एक किलोमीटरच्या आत असलेल्या पाण्याच्या विहिरींत मिथेनचे प्रमाण लक्षणीयरीत्या जास्त होते. फ्रॅकिंगच्या द्रवाच्या खुणा मात्र त्यांना मिळाल्या नाहीत. सिमेंटमधून वायू निसटला तर जे दिसावे तेच हे आहे, असे मी मानतो. दुसऱ्या बाजूला, त्या डोंगराळ भागातील काही पाण्याच्या विहिरींत मिथेन आधीपासूनच नैसर्गिकरीत्या असते हेही खरे आहे, आणि विहीर पाडण्याआधी पाण्याची तपासणी झालेली नसेल तर दोहोंतला फरक सिद्ध करणे अतिशय कठीण होते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने डिसेंबर २०१६ च्या अंतिम अहवालात म्हटले की काही परिस्थितींत या कामांचा पिण्याच्या पाण्यावर परिणाम होऊ शकतो आणि झालेला आहे. देशभरात तो किती वेळा झाला हे सांगण्याइतकी माहितीच उपलब्ध नव्हती. माहितीचा हा अभाव आपोआप आलेला नाही. २००५ च्या ऊर्जा कायद्याने, डिझेलचा वापर वगळता, फ्रॅकिंगला सुरक्षित पेयजल कायद्याखालील भूगर्भात द्रव सोडण्याच्या नियमांतून सूट दिली, आणि नियंत्रणाचा भार राज्यांवर गेला. काही राज्यांनी तो चांगला पेलला, काहींनी नाही.

फ्रॅकिंगच्या द्रवात सुमारे ९९ टक्के पाणी आणि वाळू असते, हे वाक्य बरोबर आहे. पण चार कोटी लिटरांचा अर्धा टक्का म्हणजे दोन लाख लिटर रसायने, आणि ती ट्रकने येतात, टाक्यांत साठतात, नळ्यांतून जातात. जमिनीवरची सांडलवंड हा मी प्रत्यक्ष सर्वांत जास्त वेळा पाहिलेला अपघात आहे. त्याहूनही मोठा प्रश्न वर परत येणाऱ्या पाण्याचा आहे. खडकात कोट्यवधी वर्षे कोंडलेले पाणी तेलाबरोबर वर येते. ते समुद्रापेक्षा कित्येक पटींनी खारे असू शकते आणि त्यात बेरियम, स्ट्रॉन्शियम आणि काही ठिकाणी रेडियमही असते. पर्मियनमध्ये एका पिंप तेलामागे तीन-चार पिंपे पाणी येणे नेहमीचे आहे. मार्सेलसच्या पहिल्या वर्षांत असे पाणी नदीकाठच्या साध्या शुद्धीकरण केंद्रांकडे पाठवले जाई, जी मीठ काढण्यासाठी बांधलेलीच नव्हती; २०११ मध्ये राज्याने ते थांबवायला सांगितले. आज तेथे बहुतेक पाणी पुढच्या विहिरी फोडण्यासाठी पुन्हा वापरले जाते. पश्चिम टेक्सासमध्ये एवढे पाणी येते की पुनर्वापर करूनही उरते, आणि ते खोल विहिरींत परत सोडावे लागते.

भूकंपांचे उत्तर येथेच आहे. ओक्लाहोमात २००९ पूर्वी तीन किंवा त्याहून जास्त तीव्रतेचे वर्षाला एक-दोन धक्के बसत. २०१५ मध्ये सुमारे ९०० बसले. बहुतेक लोकांनी फ्रॅकिंगला दोष दिला, पण मुख्य कारण वर आलेले खारे पाणी परत जमिनीत सोडणाऱ्या विल्हेवाटीच्या विहिरी होत्या. तेथील काही थरांतून तेलाच्या दहापट आणि त्याहून जास्त पाणी येत होते, आणि ते आर्बकल नावाच्या खोल चुनखडकी थरात सोडले जात होते. हा थर स्फटिकी पायाखडकावर टेकलेला आहे. पायाखडकातले विभंग, म्हणजे ज्यांवरून खडक सरकू शकतो ते तडे, आधीच ताणाखाली असतात. त्यांच्या दोन्ही बाजूंना घट्ट धरून ठेवणारे घर्षण पाण्याच्या वाढत्या दाबाने कमी होते आणि विभंग सरकतो. नोव्हेंबर २०११ मध्ये प्रेग गावाजवळ ५.७ तीव्रतेचा आणि सप्टेंबर २०१६ मध्ये पॉनीजवळ ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला; दुसरा त्या राज्याच्या नोंदीतला सर्वांत मोठा आहे. राज्याच्या नियामक आयोगाने पाणी सोडण्याचे प्रमाण घटवायला लावले, तेलाचे भावही पडलेले होते, आणि पुढच्या वर्षांत धक्के बरेच कमी झाले. खडक फोडण्यानेच थेट भूकंप होतात तेही खरे आहे, पण कमी ठिकाणी: इंग्लंडमध्ये ब्लॅकपूलजवळ २०११ मध्ये २.३ आणि २०१९ मध्ये २.९ तीव्रतेचे धक्के बसले, आणि त्यानंतर तेथे काम थांबवण्यात आले. टेक्सासच्या नियामकाने २०२१ पासून काही पट्टे भूकंपप्रवण म्हणून आखून खोल थरांत पाणी सोडण्यावर निर्बंध आणले. मग तेच पाणी उथळ थरांत जाऊ लागले, त्या थरांतला दाब वाढला, आणि काही ठिकाणी नीट न बुजवलेल्या जुन्या विहिरींतून खारे पाणी जमिनीवर उसळले. माझ्या मते आज पर्मियनमध्ये तेलाच्या साठ्यापेक्षा पाण्याला जागा कोठे करायची ही जास्त निकडीची अडचण आहे.

हवामानाच्या बाबतीत हिशोब दोन बाजूंचा आहे. स्वस्त वायूमुळे अमेरिकेच्या विजेतील कोळशाचा वाटा २००५ मधील सुमारे ५० टक्क्यांवरून २०२३ पर्यंत १६ टक्क्यांवर आला, आणि वीजक्षेत्राचे कार्बन उत्सर्जन लक्षणीय घटले. पवन आणि सौर ऊर्जेचाही त्यात वाटा आहे. पण वायू म्हणजे मिथेन, आणि न जळता निसटलेले मिथेन २० वर्षांच्या काळात कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून अधिक उष्णता अडवते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संयुक्त अभ्यासाने ही गळती एकूण वायू उत्पादनाच्या २.३ टक्के असल्याचा अंदाज दिला, जो सरकारी अंदाजापेक्षा सुमारे ६० टक्क्यांनी जास्त होता. क्षेत्रावर काम करणाऱ्याला याचे आश्चर्य वाटत नाही. टाकीचे झाकण उघडे राहणे, झडप अडकणे, नको असलेला वायू जाळणाऱ्या मशालीची ज्योत विझून वायू तसाच वर जाणे, हे सगळे मोजणीच्या तक्त्यांत नसते. नॉर्थ डाकोटात एक काळ असा होता की तेलाबरोबर येणाऱ्या वायूपैकी जवळपास एक तृतीयांश जाळून टाकला जाई, कारण तेल ट्रकने नेता येत होते आणि वायूसाठी पाइपलाइन नव्हत्या. रात्री गाडी चालवताना क्षितिजावर ओळीने ज्वाळा दिसत. ते दृश्य पाहून अनेकांना भरभराट वाटे. मला तेव्हाही ती नासाडीच वाटत होती. यातली बहुतेक गळती थांबवण्याचे उपाय माहीत आहेत आणि ते महागही नाहीत.

आसपास राहणाऱ्यांच्या आरोग्याविषयी आता दुर्लक्ष करता येणार नाही असे पुरावे आहेत. पेनसिल्व्हेनियातील ११ लाखांहून अधिक जन्मांच्या नोंदींवरून २०१७ मध्ये असे दिसले की फ्रॅकिंग झालेल्या विहिरीपासून एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मातांच्या बाळांत कमी वजनाचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने जास्त होते, आणि तीन किलोमीटरच्या पलीकडे हा परिणाम दिसत नव्हता. कामगारांचा धोका वेगळा आहे. फ्रॅकिंगची वाळू म्हणजे जवळजवळ शुद्ध स्फटिकी सिलिका. तिची धूळ वर्षानुवर्षे फुप्फुसांत गेली की सिलिकोसिस होतो. २०१२ मध्ये कामगार-आरोग्य संस्थांनी याचा इशारा दिला, तोपर्यंत आम्ही साध्या कापडाने तोंड झाकून वाळूच्या पट्ट्याजवळ उभे राहत होतो. आता बंद पेट्यांतून वाळू येते, आणि ही या उद्योगातली सर्वांत चांगली सुधारणा आहे असे मी म्हणेन. दुसरा धोका उत्पादनाच्या टाक्यांचा: पातळी मोजण्यासाठी एकट्याने झाकण उघडणारे कामगार हायड्रोकार्बनच्या वाफांनी बेशुद्ध होऊन दगावले आहेत. आणि विहिरीपासून फार दूर, ६ जुलै २०१३ रोजी कॅनडातील लाक-मेगांतिक या गावात बाकनचे तेल वाहणारी गाडी रुळावरून घसरून पेटली आणि ४७ माणसे मेली. ते हलके, लवकर पेट घेणारे तेल पाइपलाइन होण्याआधीच एवढ्या प्रमाणात निघू लागले होते की ते रेल्वेने न्यावे लागत होते.

राहिला तिसरा प्रश्न, किती काळ पुरेल हा. तेल संपत नाही, चांगल्या जागा संपतात. ईगल फोर्ड आणि बाकन आपल्या सर्वोच्च उत्पादनाच्या खाली आहेत. पर्मियन अजून भक्कम आहे, पण तेथेही नवी विहीर जुन्या विहिरीच्या फार जवळ पाडली की तिच्या भेगा आधीच रिकाम्या झालेल्या, दाब घटलेल्या खडकाकडे वळतात आणि दोन्ही विहिरींचे नुकसान होते. त्यामुळे नकाशावर आखलेल्या जागांची संख्या आणि खरोखर फायद्याच्या जागांची संख्या यांत मोठे अंतर असते. मोठ्या कंपन्या लहान कंपन्यांना विकत घेत आहेत, एक्सॉनने २०२४ मध्ये पायोनियर घेतली, त्यामागे चांगल्या जागा हातात ठेवण्याचा विचार स्पष्ट आहे. येत्या काही वर्षांत उत्पादन पठारावर राहील आणि मग हळूहळू उतरेल, असा माझा अंदाज आहे. भाव त्याची गती ठरवील.

ते उतरू लागेल तेव्हा मागे राहिलेल्या विहिरींचे काय, हे मात्र आजच ठरवायला हवे. विहीर बुजवायची म्हणजे उत्पादक थरावर, जलधराच्या तळाशी आणि जमिनीजवळ अशी सिमेंटची बुचे बसवायची, आणि बाहेरच्या कडेचे सिमेंट खराब असेल तर केसिंग कापून किंवा छिद्रे पाडून तेही दुरुस्त करायचे. खोल आडव्या विहिरीला यासाठी लाखाच्या घरात डॉलर लागू शकतात. संघीय जमिनीवरील भाडेपट्ट्यासाठी कंपनीने ठेवायची अनामत १९६० पासून २०२४ पर्यंत १०,००० डॉलरच होती. २०२४ च्या नियमाने ती १,५०,००० केली. मालक नसलेल्या जुन्या विहिरी बुजवण्यासाठी २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यात सुमारे ४.७ अब्ज डॉलरची तरतूद करावी लागली, आणि त्या विहिरी मुख्यतः जुन्या पद्धतीच्या, उथळ होत्या. शेलच्या विहिरींचे उत्पादन घटले की मोठी कंपनी त्या लहान कंपनीला विकते, ती आणखी लहान कंपनीला, आणि शेवटच्या मालकाकडे बहुधा सिमेंटपुरतेही पैसे उरत नाहीत. म्हणून विहिरीचा परवाना देतानाच तिच्या बुजवण्याचा पूर्ण खर्च वेगळ्या खात्यात घेतला जावा, आणि विहीर कितीही वेळा विकली गेली तरी ते खाते तिच्याबरोबर जावे, असे मी गेली अनेक वर्षे सांगत आलो आहे. परिसरात विहीर पडणार असल्याचे ज्यांना आज कळले आहे त्यांनी रिग येण्याआधी आपल्या पाण्याची मिथेन, क्लोराइड, बेरियम आणि स्ट्रॉन्शियम यांसाठी स्वतंत्र प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी, अहवालावर तारीख आणि नमुना घेणाऱ्याचे नाव असावे, आणि कंपनीकडे विहिरीच्या सिमेंटच्या मोजणीची प्रत लेखी मागावी.